व्हॅलग्राइंड 'इनव्हॅलिड रीड' म्हणून ओरडतोय? आधी खालची ओळ वाचा

टेस्ट सगळ्या पास होताहेत, प्रोग्रॅम मस्त चालतोय आणि तरी व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) 'इनव्हॅलिड रीड ऑफ साइझ १', म्हणजे नको तिथला एक बाइट वाचला, असं दाखवतोय, वर स्टॅकमध्ये (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्या यादीत) ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचं फंक्शन, मग काय, आपण लायब्ररीला शिव्या घालून मोकळे. मीही घातल्यात, चूक माझीच निघाली.

स्टॅकच्या खालची ॲड्रेसवाली ओळ बघा, खरी माहिती तिथेच असते. माझ्याकडे होतं 'झिरो बाइट्स आफ्टर अ ब्लॉक ऑफ साइझ २०'. म्हणजे २० बाइटचा ब्लॉक संपला आणि लगेच पुढचा बाइट वाचला. २० म्हटलं की शा-वन (२० बाइटचा हॅश, म्हणजे डेटाचा ठसा, देणारी पद्धत) आठवायला हवं, आणि मी क्रिप्टो-मेमकंपला (दोन ब्लॉक जुळतात का पाहणारं ओपनएसएसएलचं फंक्शन) लांबी दिली होती ३२, कारण बाकी सगळा कोड ३२ बाइटच्या शा-२५६ वर नेला होता आणि ही एक जागा राहून गेली. तिथे 'ब्लॉक फ्रीड' असं लिहिलेलं असेल तर मात्र भानगड वेगळी, फ्री केलेली मेमरी वापरताय.

गंमत म्हणजे सी भाषेतलं साधं मेमकंप पहिल्याच फरकाला थांबू शकतं, त्यामुळे असा बग महिनोन्‌महिने लपून राहतो. क्रिप्टो-मेमकंप लागलेल्या वेळेवरून हल्लेखोराला काही कळू नये म्हणून शेवटपर्यंत वाचतं, म्हणून तिथे पकडला गेला.

ॲड्रेस सॅनिटायझर (कंपाइल करताना कोडमध्ये मेमरीच्या तपासण्या घालणारं टूल) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, हाताने लिहिलेल्या असेंब्लीत तो तपासणी घालू शकत नाही, आणि क्रिप्टो-मेमकंप एक्स८६-६४ (नेहमीच्या इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर असेंब्लीतच आहे. लायब्ररी नो-एएसएम (असेंब्लीऐवजी सी कोड) पर्याय देऊन, सॅनिटायझरसकट परत बिल्ड करा. डीबग सिम्बॉल ठेवा, नाहीतर लाइन नंबर मिळणार नाहीत.

सप्रेशन फाइलमध्ये (दुर्लक्ष करायच्या वॉर्निंगच्या यादीत) टाकून गप्प बसवू नका हो. ओपनएसएसएलमधला २०१४ चा हार्टब्लीड बग म्हणजे असाच हद्दीबाहेरचा रीड, एका वेळी ६४ केबीपर्यंत शेजारची मेमरी बाहेर जायची, त्यात प्रायव्हेट कीसुद्धा. 'अनइनिशियलाइज्ड'ची (किंमत न भरलेली मेमरी वापरल्याची) वॉर्निंग वेगळी, तिथेही घाई नको, २००६ मध्ये डेबियन या लिनक्समध्ये ती घालवायला ओपनएसएसएलची ओळ काढली आणि २००८ पर्यंत तिथे अंदाज बांधता येतील अशा कीज बनत होत्या.

दुरुस्ती दोन ओळींची: आधी दोन्ही लांब्या तपासा, जुळल्या तरच कंपेअर. आणि २० विरुद्ध ३२ ची एक टेस्ट कायमची ठेवा, व्हॅलग्राइंडखाली चालणारी.