विमानाच्या साइड प्रोफाइलमध्ये गोलाई कशी आणावी

बरोबर बाजूने काढलेल्या विमानात पर्स्पेक्टिव्ह नसतो. त्यामुळे धड गोल आहे की सपाट, हे फक्त छटाच सांगू शकतात. म्हणून ब्रश उचलण्याआधी मी त्या विमानाचे आडवे छेद, म्हणजे धड आडवं कापल्यावर दिसणारे आकार, समोर ठेवते. चांगल्या स्केल ड्रॉइंगमध्ये ते दिलेले असतात. मिग-२१ च्या धडाचा छेद जवळजवळ वर्तुळाकार आहे, तर फॉकर डीआर-१ च्या मागच्या धडाच्या बाजू सपाट आहेत. एकच ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा) दोघांवर चढवला तर निदान एक विमान खोटं दिसणारच. फॉकरच्या बाजूला जवळपास एकसारखी छटा ठेवा आणि ती कोपऱ्यावर एकदम बदला.

गोल धडासाठी आधी प्रकाशाची दिशा पक्की करा. मी तो वरून आणि आपल्या बाजूने, ४५ अंशांत येतो असं धरते आणि सगळ्या चित्रभर तेच पाळते. मग जागा आपोआप ठरतात. धडाची उंची १०० धरली, तर मॅट रंगावरचा सर्वांत उजळ पट्टा वरून साधारण १५ वर येतो. अगदी वरच्या कडेला नाही. सर्वांत गडद पट्टा ८५ च्या आसपास. त्याच्या खाली पुन्हा थोडा उजेड हवा, कारण जमिनीवरून परतलेला प्रकाश पोटाला लागतो. ही शेवटची फिकट कड मला फार महत्त्वाची वाटते. ती नसेल तर विमान पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखं दिसतं. ग्लॉस रंगाची चकाकी मात्र प्रकाश आणि नजर यांच्या मधल्या कोनात पडते, म्हणजे वरून सुमारे ३१ वर. तिथे अरुंद, स्वच्छ रेघ द्या.

चित्राच्या सॉफ्टवेअरमधल्या लेयरचा, म्हणजे एकावर एक थरांचा, क्रम सोपा आहे: खाली मूळ रंग, मग कॅमोफ्लाज, चिन्हं, आकडे, एक्झॉस्टची काजळी; सावली आणि उजेड मात्र या सगळ्यांच्या वर, धडाच्या आकाराला क्लिप करून, म्हणजे त्याबाहेर जाऊ न देता. सावली मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणाऱ्या ब्लेंड मोडवर) ठेवा आणि तिला निळसर राखाडी रंग द्या. काळ्याने हिरवे-तपकिरी रंग मळतात.

लढाऊ विमानांची पाठ गडद आणि पोट फिकट रंगवतात, तेच मुळी ही नैसर्गिक सावली पुसून टाकण्यासाठी. त्यामुळे तुमचं शेडिंग बरोबर असूनही चित्र सपाट वाटू शकतं. अशा वेळी घाबरून सावली दुप्पट करू नका. रंगांचे लेयर बंद करा, खाली मध्यम राखाडी ठेवा. राखाडी धड गोल दिसत असेल तर शेडिंगला हात लावू नका.

उघड्या, बिनरंगाच्या धातूचं काम वेगळं, आणि मला सर्वांत आवडतं. तिथे सावलीपेक्षा प्रतिबिंब महत्त्वाचं. गोल धडाच्या बरोबर मध्यावर, ५० वर, क्षितिज उमटतं: गडद, जरा तुटक पट्टा. त्याच्या लगेच वर फिकट आकाश, ते १५ पर्यंत गडद होत जातं, कारण तिथे डोक्यावरचं आकाश दिसतं. त्यानंतर कडेपर्यंत पुन्हा फिकट. खालच्या अर्ध्यात जमिनीचा रंग. काही पत्रे ३-४ टक्क्यांनी उजळ-गडद करा. पी-५१ मस्टँगच्या पंखांवर पुट्टी भरून चंदेरी रंग दिलेला असे, म्हणून पंखाचा जो भाग दिसतो त्यावर क्षितिज काढू नका.

पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, काळ्या नकोत. त्या-त्या रंगाचीच गडद छटा पुरे, आणि तीही सावलीत जवळजवळ विरू द्या. हरिकेन विमानाच्या मागच्या धडावर तर लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड आहे. तिथे पत्र्याचे सांधे नकोत. लांब, आडव्या, मऊ उंचवट्यांची ओळ काढा, प्रत्येकाच्या वरच्या अंगाला किंचित उजेड आणि खालच्या अंगाला किंचित सावली.