आईची सही घेण्यापूर्वी: निर्णयक्षमता कशी पाहावी

गोव्यातील घरांत निर्णयक्षमतेचा प्रश्न बहुधा कागदावर सही लागते तेव्हाच उभा राहतो. फोंड्याच्या वडिलोपार्जित घरातील वाटा विकायचा असतो, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) शस्त्रक्रियेचे संमतिपत्र पुढे येते किंवा परदेशातील मुलाला सुटी संपण्यापूर्वी कुलमुखत्यारपत्र करून हवे असते, आणि नेमके त्याच वेळी भावंडांपैकी कोणीतरी म्हणते की आईला आता काही समजत नाही. एवढ्या ढोबळ विधानावरून पुढे काहीच ठरवता येत नाही. निर्णय कोणता, आणि तो घेण्याच्या वेळी आईची समज कशी आहे, हे आधी निश्चित करावे. महिन्याचा खर्च चोख सांभाळणाऱ्या बाईला विक्रीखतातील अटी झेपणार नाहीत असे होऊ शकते, तसेच नातवंडांची नावे विसरणारी बाई शस्त्रक्रिया नको असे पूर्ण समजून सांगू शकते.

कायदाही असाच पाहतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करतेवेळी तो समजण्याची आणि आपल्या हितावर होणाऱ्या परिणामाचा विवेकाने विचार करण्याची कुवत असणे पुरेसे आहे, आणि एरवी मन ठिकाणावर नसलेली व्यक्तीही ते ठिकाणावर असताना करार करू शकते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मनोविकारावरील उपचार आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल करणे यांपुरता आहे. त्याच्या कलम ४ मध्ये माहिती समजणे, निर्णयाच्या परिणामांची जाण असणे आणि निर्णय बोलून, हावभावाने किंवा अन्य मार्गाने कळवणे हे निकष दिले आहेत. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याची क्षमता नाही असे ठरत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. कोणाला मनोविकार आहे म्हणून ती व्यक्ती आपोआप अस्थिर मनाची ठरत नाही.

क्षमता तपासण्यापूर्वी ती वाढवता येते का, हे पाहणे हे नैतिकदृष्ट्या पहिले कर्तव्य आहे आणि नेमके तेच घरोघरी राहून जाते. कानातील यंत्राची बॅटरी बदला, चष्मा पुसून द्या. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, म्हणून बोलणे सकाळच्या चहानंतर ठेवा. चार दिवसांत अचानक भ्रम सुरू झाला असेल, तर लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियमची कमतरता किंवा नवे औषध कारणीभूत असू शकते. अशा वेळी कागद बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे, कारण हा गोंधळ बरेचदा उपचाराने जातो. माहिती आई ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत द्या. अनेक मराठी घरांत वाचन मराठीत आणि मनातले बोलणे कोंकणीत असते, मग इंग्रजी संमतिपत्र भराभर वाचून दाखवण्याला काय अर्थ उरतो?

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. समजा, खुब्याचे हाड मोडले आहे आणि आई शस्त्रक्रियेला नकार देते आहे. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला ती मान डोलावेल, कारण वयस्कर माणसे डॉक्टरांसमोर मान डोलावतातच. त्याऐवजी ‘आई, डॉक्टर काय म्हणाले ते तू मला सांग’, ‘ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?’ आणि शेवटी ‘तुका कितें दिसता?’ (तुला काय वाटतं?) असे एकेक करून विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. ‘मी अंथरुणावरच राहीन, पण या वयात टेबलावर पडायचं नाही’ असे उत्तर आले, तर ते आपल्याला पटो वा न पटो, त्यात माहितीही आहे आणि परिणामांची जाणही आहे. ‘माझं हाड मोडलेलंच नाही’ असे ती सांगत राहिली, तर मात्र क्षमतेविषयी खरी शंका घ्यावी. काही तासांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर टिकते का पाहावे.

ज्याला त्या निर्णयातून लाभ होणार आहे, त्याने हे बोलणे करू नये. निदान थोडा वेळ खोलीबाहेर बसावे. वय, आजार किंवा क्लेश यांमुळे ज्याची मानसिक क्षमता कमी झाली आहे, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याबाबत गैरवाजवी दबावाचा प्रश्न करार कायद्याच्या कलम १६ मध्ये थेट विचारात घेतला आहे. डॉक्टरांचा दाखला घ्यायचा असेल, तर ‘मन सुदृढ आहे’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नये. तारीख, वेळ, कोणता निर्णय समजावला आणि आईने तिच्या शब्दांत काय उत्तर दिले, हे त्यात लिहून घ्यावे. पुढे वाद झाला, तर उपयोग याच मजकुराचा होतो.

मृत्युपत्राच्या बाबतीत गोव्याची गोष्ट वेगळी आहे. विवाहपूर्व करार नसेल, तर येथे पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते. आईचा त्यात अर्धा वाटा असतो, आणि मुले असल्यास त्या वाट्यातीलही अर्धाच भाग ती स्वेच्छेने देऊ शकते, कारण उरलेला कायद्याने मुलांसाठी राखीव आहे. म्हणून ‘घर कोणाला द्यायचं?’ एवढेच न विचारता, आपले काय आहे आणि त्यातील किती देता येते हे तिला ढोबळपणे तरी ठाऊक आहे का, ते पाहावे. हे तिला कोणी धडपणे सांगितलेलेच नसते, असा अनुभव बराच येतो.

कुलमुखत्यारपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. ते देणाऱ्याचे मन अस्थिर झाले, की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी सामान्यतः संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. वैद्यकीय बाबींसाठी मात्र आधी तरतूद करता येते. मनोविकारावरील उपचारांसाठी साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून प्रतिनिधी नेमता येतो आणि आगाऊ निर्देशही देता येतात. आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली इच्छापत्राची (लिव्हिंग विल) पद्धत आहे: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील तत्कालीन न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवले.

आईची क्षमता खरोखरच उरली नसेल, तर मुलाने परस्पर सही करणे हा उपाय नव्हे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. त्यात ठराविक निर्णयापुरते आणि ठराविक काळापुरते पालक आणि ती व्यक्ती अशा दोघांनी मिळून ठरवायचे असते. कोमातील रुग्णासाठी अशी सरळ वाट नसल्याने कुटुंबांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. गोव्यात हे खंडपीठ पर्वरीला आहे, आणि तेथे जाताना वैद्यकीय कागदपत्रे, मालमत्तेची यादी व सर्व वारसांची संमती वकिलांकडे आधीच तयार असेल, तर काम बरेच सुकर होते.