खाऱ्या पाण्याची नवी टाकी आणि शेवाळ : सायकलिंगच्या काळात या चुका टाळा

खाऱ्या पाण्याची टाकी भरून दोन-तीन आठवडे झाले की पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर चढतो, पुढे काचेवर हिरवी झाक येते आणि दगडांवर केसांसारखे तंतू वाढू लागतात. टाकी बिघडली असे समजून अनेक जण याच वेळी घाईने उपाय सुरू करतात, आणि शेवाळापेक्षा या उपायांनीच टाकीचे अधिक नुकसान होते. नव्या टाकीतील दगड व वाळूचा पृष्ठभाग मोकळा असतो, त्या जागेवर हक्क सांगणारे दुसरे जीव अजून वसलेले नसतात आणि शेवाळ खाणारेही कोणी नसते. अशा ठिकाणी शेवाळ येणारच. म्हणून ते दिसेनासे करण्याच्या मागे न लागता, ते कोणते आहे आणि कशावर पोसले जात आहे याचा शोध आधी घ्यावा.

पहिली चूक दिव्यांची. सायकल म्हणजे अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंची वसाहत उभी राहणे. साधारणपणे त्याला चार ते सहा आठवडे लागतात. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, प्रकाश मुळीच लागत नाही. तरीही टाकी सुंदर दिसावी म्हणून रीफचे (प्रवाळांच्या टाकीसाठीचे) प्रखर दिवे दहा-बारा तास चालू ठेवले जातात, आणि जिवाणूंसाठी घातलेल्या अमोनियावर शेवाळ ताव मारते. यात आणखी एक मोठी फसगत आहे. शेवाळ स्वतः अमोनिया शोषून घेत असल्यामुळे टेस्ट किटमध्ये अमोनिया उतरलेला दिसतो, सायकल पूर्ण झाली असे वाटते, प्रत्यक्षात जिवाणू पुरेसे वाढलेलेच नसतात. मग मासे आणले जातात आणि आठवडाभरात अमोनिया पुन्हा चढतो. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.३च्या आसपास असल्याने त्यातील अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ही चूक माशांच्या जिवावर बेतते. कोरड्या दगडांवर टाकी उभारली असेल तर सायकल संपेपर्यंत दिवे बंदच ठेवावेत. लाइव्ह रॉक (जिवाणू व इतर जीव आधीच वसलेले समुद्री दगड) असेल तर मंद प्रकाश चार-पाच तास पुरे. टाकी खिडकीच्या किंवा गॅलरीच्या उन्हात असेल तर आधी तिची जागा बदलावी. सायकल पूर्ण झाल्याची खात्री करायची तर अमोनिया घालून तो २ पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत दोन भाग) न्यावा आणि २४ तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येतात का ते पाहावे, तेही दिवे बंद ठेवून.

दुसरी चूक पाण्याची, आणि आपल्याकडे ती फार घडते. स्वयंपाकघरातील आर.ओ. मशीनचे पाणी शुद्धच असणार असे गृहीत धरून त्यातच समुद्री मीठ मिसळले जाते. पिण्याच्या मशीनमध्ये चव राहावी म्हणून बहुधा थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. त्या नळाखाली टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर धरून पाहिला तर पन्नास-साठ किंवा त्याहून मोठा आकडा सहज दिसतो. टाकीसाठी तो शून्य हवा, आणि त्यासाठी आर.ओ.नंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डी.आय. रेझिनचा टप्पा जोडावा लागतो. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात जमिनीखाली बेसॉल्ट आहे आणि त्यातून येणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते. डायटम नावाचे तपकिरी सूक्ष्म शेवाळ आपले कवच याच सिलिकापासून बनवते, म्हणून पाणी बदलले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाळू पुन्हा तपकिरी होत असेल तर संशय पाण्यावरच घ्यावा. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. रेझिन संपत आले की ते सिलिका सर्वांत आधी सोडू लागते, आणि तेव्हा मीटर अजून शून्यच दाखवत असू शकतो. रंग बदलणारे रेझिन वापरत असाल तर शेवटच्या थरापर्यंत वाट न पाहता ते बदलावे. उडून गेलेल्या पाण्याची भर घालतानाही हेच शून्य टीडीएसचे, मीठ न मिसळलेले पाणी वापरावे. पाण्याची वाफ होते, त्यातले क्षार आणि फॉस्फेट मात्र टाकीतच साठत जातात.

तिसरी चूक म्हणजे प्रत्येक तपकिरी थराला एकच औषध. डायटमचा थर कोरड्या धुळीसारखा असतो, बोट फिरवले की उडतो आणि सिलिका संपली की बहुधा आपोआप ओसरतो. त्यासाठी काचेवर स्क्रॅपर फिरवण्यापलीकडे काही करण्याची गरज नसते. गडद लाल किंवा जांभळट, मखमलीसारखा पापुद्रा दिसला आणि तो चिमटीत धरल्यावर अखंड सोलला गेला, तर ते सायनोबॅक्टेरिया असतात. हे शेवाळ नसून जिवाणू आहेत. पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात आणि सडके खाद्य साठते तेथे ते वाढतात. वेव्हमेकरची (प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची) दिशा बदलून पापुद्रे सायफनने ओढून काढावेत. तपकिरी, चिकट, शेंबडासारखे धागे आणि त्यांच्या टोकांना अडकलेले हवेचे बुडबुडे दिसले तर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांची शंका घ्यावी. घरच्या घरी परीक्षा करायची असेल तर तो चिकटा थोड्या टाकीच्या पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवावा, टिश्यू पेपरमधून गाळावा आणि गाळलेले स्वच्छ पाणी तासभर दिव्याखाली ठेवावे. पाण्यात पुन्हा धाग्यांचे पुंजके जमले तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेटच. साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम, कारण पुढचा उपाय पूर्णपणे या ओळखीवर अवलंबून असतो.

डायनोफ्लॅजेलेट बऱ्याचदा टाकी अतिस्वच्छ ठेवल्यामुळे माजतात, आणि ही चौथी चूक मला सर्वांत घातक वाटते. हिरवे तंतू दिसताच स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र), फॉस्फेट शोषणारे माध्यम आणि वारंवार पाणी बदलणे असे सगळे एकदम सुरू केले जाते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर येतात, साधे हिरवे शेवाळ व उपयोगी जिवाणू उपाशी पडतात आणि मोकळी झालेली जागा डायनोफ्लॅजेलेट बळकावतात. त्यांच्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाल्ल्याने गोगलगायी मरतात. म्हणून शून्याचा हट्ट धरू नये. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढे राहू द्यावे. किटच्या आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. टाकीभर केसाळ शेवाळ असताना नायट्रेट शून्य दिसला, तर पाण्यातला नायट्रेट शेवाळाने खाल्लेला असतो. उलट, सायकलच्या मध्यावर नायट्राइट शिल्लक असेल तर बऱ्याच किटमध्ये नायट्रेटचा आकडा उगाच फुगलेला येतो.

शेवाळनाशक औषधे या काळात टाळावीत. त्यातील काहींमध्ये तांबे असते, ते दगडांत मुरते आणि पुढे कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना घातक ठरते. सायनोबॅक्टेरियासाठी वापरली जाणारी प्रतिजैविके सायकल घडवणाऱ्या जिवाणूंनाही धोक्यात घालू शकतात. शिवाय मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि मे महिन्यात पाणी तीस अंशांवर गेलेले असताना ऑक्सिजन आधीच कमी असतो. केसाळ शेवाळ हातानेच उपटावे. दगड उचलता येत असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत धरून टूथब्रशने घासावा, त्याच पाण्यात खळबळून परत ठेवावा आणि बादलीतले पाणी फेकून द्यावे. टाकीतल्या टाकीत घासले तर तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर पसरून नव्या जागी रुजतात. नळाखाली मात्र दगड किंवा फिल्टरचा स्पंज धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने वसलेले जिवाणू मरतात. दगडावर गुलाबी-जांभळा, खरवडूनही न निघणारा कडक थर दिसला तर ती कोरलाइन, म्हणजे चुनखडीसारखे कडक कवच धरणारे उपयोगी शेवाळ आहे; तिला हात लावू नये.

काही जण खर्च वाचवण्यासाठी किनाऱ्यावरून दगड, वाळू किंवा समुद्राचे पाणी आणतात. शहरालगतच्या पाण्यात सांडपाण्याचे नायट्रोजन व फॉस्फेट असतात आणि वाळूत गाळ असतो, म्हणजे शेवाळाचे खतच घरी येते. प्रवाळ उचलणे तर गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ संरक्षित आहेत, आणि मालवणच्या समुद्रात जे थोडे उरले आहेत त्यांचा एक तुकडाही कोणाच्या टाकीसाठी निघू नये असे मला कळकळीने वाटते.

गोगलगायी आणि खेकडे अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच आणावेत, तेही थोडेथोडे. ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी काचेवरचे व दगडावरचे शेवाळ खातात, सेरिथ वाळूवरचा थर साफ करतात. क्षारतेतील अचानक बदल त्यांना सोसत नाही, म्हणून पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत तासभर त्यांना रुळू द्यावे. शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि त्यांच्या कुजण्याने अमोनिया पुन्हा वाढतो. तेव्हा काच स्वच्छ दिसू लागली की आठवड्यातून एक-दोनदा वाळलेल्या नोरीचा (खाण्याच्या समुद्री शेवाळाचा) छोटा तुकडा दगडाला रबरबँडने बांधून ठेवावा आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.