भुकटीतलं मानवी प्रोटीन पेशींपर्यंत पोहोचवताना

ईजीएफ, एफजीएफ-२, टीजीएफ-बीटा-१ (पेशींना वाढीचे वगैरे संकेत देणारे ग्रोथ फॅक्टर) अशी रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या पेशींत जनुक घालून बनवलेली, मानवी प्रोटीन्स बहुधा फ्रीझ-ड्राय करून (गोठवून सुकवून) येतात. १०० मायक्रोग्रॅमची व्हायल उजेडासमोर धरली तरी ती रिकामीच वाटते. काचेवर पातळसा पापुद्रा दिसला तर नशीब. पुढे पेशींनी प्रतिसाद दिला नाही की खापर प्रोटीनच्या दर्जावर फुटतं. खरं तर बऱ्याचदा ते ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून राहिलेलं असतं.

फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडू नका. १५-२० मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर गार भुकटीवर हवेतलं बाष्प जमतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवून घ्या, कारण प्रवासात कण झाकणाला लागलेले असतात.

कशात विरघळवायचं हे त्या लॉटच्या प्रमाणपत्रावर दिलेलं असतं. सगळ्याला पीबीएस (फॉस्फेट घातलेलं खारं बफर) ही सवय महागात पडते. ईजीएफला पाणी किंवा पीबीएस चालतं. टीजीएफ-बीटा-१ ला मात्र ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, सोबत दर मिलीला १ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन). तटस्थ पीएचला ते नीट विरघळत नाही आणि प्लास्टिकलाही जास्त चिकटतं.

१०० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये १ मिली द्रव भिंतीवरून हळू सोडा. १०-२० मिनिटं तसंच राहू द्या, अधूनमधून व्हायल तिरपी करून फिरवा. व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) नको, पिपेटने जोरात वर-खाली करणंही नको. फेस झाला की हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रोटीनची घडी उलगडते आणि त्याचे गठ्ठे बनतात.

आता भिंतीचा हिशेब. एक चौरस सेंटिमीटर प्लास्टिक साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम प्रोटीन धरून ठेवू शकतं. दीड मिलीच्या ट्यूबमध्ये १ मिली द्रव असेल तर चार-पाच चौरस सेंटिमीटर भिंत ओली होते, म्हणजे अर्धा ते एक मायक्रोग्रॅम जाऊ शकतं. १०० मायक्रोग्रॅममधून एवढं गेलं तर कळणारही नाही. पण साध्या पीबीएसमध्ये मिलीला १ मायक्रोग्रॅम असं पातळ करून ठेवलंत, तर सकाळी ट्यूबमध्ये जवळपास नुसतं पीबीएसच उरेल. म्हणून ०.१ टक्का बीएसए घाला: भिंतीवरची जागा आधी तेच अडवतं. लो-बाइंड (प्रोटीन कमी चिकटणाऱ्या) ट्यूब असतील तर उत्तम. प्रोटीनला लेबल म्हणून रंगद्रव्य किंवा बायोटिन जोडायचं असेल तेव्हा बीएसए चालत नाही, कारण लेबल त्यालाच लागतं. अशा वेळी द्रावण दाट ठेवा.

गाळायचं असेल तर शक्यतो आधी बफरच ०.२२ मायक्रॉनमधून गाळून घ्या. पातळ प्रोटीन फिल्टरमध्येच अडकतं.

साठवणीसाठी द्रावणाचे छोटे वाटे, म्हणजे अलिकॉट, २० मायक्रोलिटरपेक्षा लहान करू नका. थेंब जितका लहान, तितकी त्याच्या वाट्याला भिंत जास्त. उणे ८० अंशांत ठेवा आणि एकदा वितळलेला अलिकॉट पुन्हा गोठवू नका. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर तर नकोच, तो बर्फ घालवायला स्वतःच अधूनमधून तापतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: सोडियम फॉस्फेट बफर गोठताना त्यातलं डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच ४ च्या आसपास घसरू शकतो. नाजूक प्रोटीन गोठवायचं असेल तर हिस्टिडिन बफर बरा. गोठताना प्रोटीन जपणारी साखर, ५ टक्के ट्रेहॅलोजही घालता येतं.

वापरताना गणित सोपं आहे. मिलीला १०० मायक्रोग्रॅमच्या स्टॉकमधून (मूळ द्रावणातून) पेशींच्या मीडियममध्ये मिलीला २० नॅनोग्रॅम हवं असेल तर ५० मिली मीडियमला १० मायक्रोलिटर. एफजीएफ-२ मात्र ३७ अंशांत एका दिवसात बरंचसं निकामी होतं, म्हणून स्टेमसेलचं मीडियम रोज बदलतात. हेपरिन घातलं तर ते जरा जास्त टिकतं.

ई. कोलाय जिवाणूमध्ये बनवलेलं प्रोटीन मोनोसाइट किंवा मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर टाकणार असाल तर आधी एन्डोटॉक्सिनचा (जिवाणूच्या आवरणातल्या विषारी घटकाचा) आकडा बघा. प्रोटीनच्या मायक्रोग्रॅमला १ ईयू (एन्डोटॉक्सिनचं एकक) म्हणजे सुमारे ०.१ नॅनोग्रॅम एन्डोटॉक्सिन, आणि या पेशी तेवढ्यानेही भडकू शकतात. एक नमुना ९५ अंशांत अर्धा तास उकळून त्याचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) ठेवा. प्रोटीन मोडतं, एन्डोटॉक्सिन टिकतं, त्यामुळे उकळूनही प्रतिसाद तसाच आला तर संशय एन्डोटॉक्सिनवर. ईजीएफला मात्र ही कसोटी लावू नका: तीन डायसल्फाइड बंधांनी आवळलेलं ते इवलंसं प्रोटीन उकळूनही तग धरतं. तिथे एन्डोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी घालून प्रतिसाद कमी होतो का ते तपासा.