विसरल्या गेलेल्या विनोदपटावर प्रबंध लिहिताना

चित्रपट-अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मी ‘आर.के.ओ.’ या हॉलिवूडच्या कंपनीने १९३३ साली काढलेला ‘डिप्लोमॅनियॅक्स’ हा जेमतेम तासाभराचा संगीत-विनोदपट निवडला. त्यावर फारसे कोणी लिहिलेले नाही, म्हणजे आपल्याला वाचावेही कमी लागेल, असा माझा भाबडा हिशेब होता. प्रत्यक्षात उलटे झाले. नामवंत चित्रपटाच्या बाबतीत चाळणीचे काम आधीच्या अभ्यासकांनी करून ठेवलेले असते, विसरल्या गेलेल्या चित्रपटाच्या बाबतीत धान्य निवडण्यापासून सगळे आपल्याच अंगावर पडते. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी माझ्या चुकांसकट हा अनुभव लिहीत आहे.

चित्रपटाची ओळख थोडक्यात करून देते. बर्ट व्हीलर आणि रॉबर्ट वूल्झी ही जोडी १९२७ साली निर्माते झिगफेल्ड यांच्या ‘रिओ रिटा’ या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील संगीतिकेत एकत्र आली आणि १९२९ ते १९३७ या काळात त्यांनी एकवीस चित्रपट केले. व्हीलर कुरळ्या केसांचा, बाळबोध चेहऱ्याचा. वूल्झी गोल चष्म्याचा आणि तोंडात कायम सिगार असणारा. ‘डिप्लोमॅनियॅक्स’मध्ये हे दोघे न्हावी आहेत आणि त्यांनी दुकान थाटले आहे ते अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात, जिथे म्हणे पुरुषांना दाढीच येत नाही. गिऱ्हाईक अर्थातच फिरकत नाही. तिथला प्रमुख त्यांना आपल्या जमातीचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या शांतता परिषदेला पाठवतो, आणि शांतता नको असलेले दारूगोळ्याचे व्यापारी त्यांच्या मागे लागतात. जिनिव्हात त्या वेळी खरोखरच निःशस्त्रीकरण परिषद चालू होती आणि ती रखडत होती, हे ठाऊक असल्याशिवाय यातले निम्मे विनोद हवेत विरतात.

आता माझी पहिली चूक. मार्क्स बंधू या विनोदी नटांचा प्रसिद्ध चित्रपट ‘डक सूप’ त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये आला. त्यातही युद्धाची आणि मुत्सद्देगिरीची टिंगल आहे, त्यातही लुईस कॅलहर्न हा नट खलनायकी वळणाच्या भूमिकेत आहे, त्यातही नट एडगर केनेडी आहे. ‘डिप्लोमॅनियॅक्स’ त्याच्या काही महिने आधीचा. त्याची कथा जोसेफ मँकिविझ यांची, तर ‘डक सूप’च्या निर्मितीशी आरंभी त्यांचे थोरले बंधू हर्मन संबंधित होते. एवढे धागे हाती लागल्यावर मी प्रस्तावात ठोकून दिले की ‘डक सूप’ हा ‘डिप्लोमॅनियॅक्स’वरूनच सुचला. मार्गदर्शक बाईंनी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केले आणि समासात एवढेच लिहिले, “आधी आले म्हणून त्यातून आले, असे होते का?” त्या एका ओळीने माझे दोन महिने खाल्ले, पण प्रबंधाची दिशाही तिथेच ठरली. १९३३ च्या हॉलिवूडमध्ये तेच नट या कंपनीतून त्या कंपनीत जात, लेखकही तसेच, आणि परिषदांच्या बातम्या रोज सगळ्यांच्याच टेबलावर पडत. साम्य दाखवता येते. उसनवारी सिद्ध करायची तर कागद लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. ते वाक्य मी काढून टाकले. उपेक्षित चित्रपटावर काम करणाऱ्याला हा मोह हटकून होतो, कारण आपल्या चित्रपटाला एखाद्या प्रसिद्ध चित्रपटाचा बाप ठरवले की आपोआप प्रतिष्ठा मिळते.

कागद शोधायचे कुठे? अमेरिकेला जाणे परवडण्यासारखे नव्हते. बेव्हर्ली हिल्समधील मार्गारेट हेरिक ग्रंथालयात सेन्सॉरविषयक पत्रव्यवहाराचा मोठा संग्रह आहे. तिथे जाता आले तर अवश्य जावे. मी घरी बसून ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’वर भिस्त ठेवली. तिथे त्या काळातील चित्रपट-व्यवसायाची आणि चाहत्यांची नियतकालिके पानन् पान मोफत वाचता येतात. मात्र नुसते चित्रपटाचे नाव टाकून शोधले तर हाती फार थोडे लागते, कारण यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरे बिघडलेली असतात आणि वूल्झीचे स्पेलिंग तर छापणाऱ्यांनीच नाना प्रकारे केलेले आहे. मी अखेर शोधाची खिडकी बंद केली आणि प्रदर्शनाच्या आगेमागच्या महिन्यांचे अंक सरळ पहिल्या पानापासून चाळले. वेळ गेला, पण शेजारचे पान वाचायला मिळाले. आर.के.ओ. कंपनी १९३३ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापनाखाली गेली होती, मार्चमध्ये तिचाच ‘किंग काँग’ आला होता, आणि त्याला संगीत देणारे मॅक्स स्टायनर आमच्या न्हाव्यांच्या गाण्यांचेही संगीत-दिग्दर्शन सांभाळत होते, हे सगळे अशा शेजारपानांमुळे एका चौकटीत बसले. ‘मोशन पिक्चर हेरल्ड’मध्ये लहान गावांतील थिएटरमालक आपापल्या धंद्याचा अनुभव कळवीत, ते सदर तर मी कादंबरीसारखे वाचले. ते वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की चित्रपटाच्या भाड्यावरून रागावलेला मालक चित्रपटालाही वाईट म्हणतो.

दुसरी चूक तांत्रिक आहे. चित्रपट सुमारे त्रेसष्ट मिनिटांचा, पण मला मिळालेली पहिली प्रत साठ मिनिटांच्या आसपास संपत असे. दृश्ये कापली आहेत, असे समजून मी आठवडाभर गायब दृश्ये शोधत राहिले. काहीच गायब नव्हते. ती प्रत युरोपीय दूरचित्रवाणीवरून घेतलेली होती, आणि तिथे सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटी (फ्रेम) धावत असल्यामुळे सगळेच चार टक्के वेगात पळत होते. गाण्यांची पट्टीही थोडी चढलेली होती. माझ्या सर्व कालनोंदी रद्द झाल्या. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या प्रतीची कुळकथा तपासून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र मला ग्रंथालयात कळली नाही. कानाला हेडफोन लावून एकटीने पाहताना माझ्या वहीत जागोजागी ‘संथ’, ‘रेंगाळते’ असे शेरे पडले होते. वूल्झी एखादी कोटी करतो आणि मग दोघेही नुसते उभे राहतात. पुढे वर्गात पडद्यावर तीसेक जणांसमोर हाच चित्रपट दाखवला, तेव्हा हशा नेमका त्या मोकळ्या जागांत येऊन बसला. पुढचे वाक्य सुरू होईपर्यंत तो ओसरलेलाही असे. रंगमंचावर मुरलेल्या या नटांनी प्रेक्षकांच्या हशासाठी जागा सोडल्या होत्या. ‘वन्स मोअर’ झेलून पुढचे पद सुरू करणाऱ्या आपल्या संगीत नाटकवाल्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते. मी ‘संथ’ हे शेरे खोडले आणि त्या जागा मोजायला लागले. प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्यातूनच उभे राहिले.

त्याच खेळात आणखी एक गोष्ट घडली. चित्रपटाच्या उत्तरार्धात परिषदेत बॉम्ब फुटतो, सगळ्या प्रतिनिधींचे चेहरे काळे होतात आणि तिथून काळ्या माणसांची नक्कल करणारे समूहगीत सुरू होते. मूळ रहिवाशांची आणि चिनी माणसाची थट्टा त्याआधी येऊन गेलेली असतेच. प्रस्तावाच्या वेळी ‘त्या काळी असे चालत असे’ एवढ्या एका वाक्यात मी हे उरकले होते. खेळाच्या वेळी मी मागच्या रांगेत घड्याळ घेऊन बसले होते. धूर विरला, चेहरे दिसले, हशासाठी सोडलेली जागा आली, आणि खोलीत कोणीही हसले नाही. फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ती जागासुद्धा मी बाकीच्यांसारखीच मोजली आणि त्याच तक्त्यात, हशाचा रकाना रिकामा ठेवून, नोंदवली.