फोन बदलताना या चुका टाळा: जुना फोन आठ दिवस घरातच राहू द्या

दसरा-दिवाळीच्या ऑफर संपल्या की माझ्या दुकानात बिघडलेल्या फोनपेक्षा नवेकोरे फोन जास्त येतात. फोन ठणठणीत असतो. जुन्यातलं काहीतरी नव्यात आलेलं नसतं, आणि जुना तोवर हातातून गेलेला असतो. सांगलीत दुरुस्तीचं दुकान चालवतोय त्याला बारा वर्षं झाली. "तेवढं काढून द्या की, पैसे घ्या काय व्हायचे ते," असं कुणी म्हणालं की जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा काढण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

गेल्या वर्षी द्राक्षांचा हंगाम उरकत आला असताना तासगावकडचे एक बागायतदार काका आले. सोबत पुतण्या. त्याने काकांसाठी ऑनलाइन फोन मागवला होता, जुना एक्स्चेंजमध्ये दिला, २,८०० रुपये सुटले. फोन घेऊन आलेला माणूस दारात उभा, त्याला पुढच्या गावाला जायचंय, म्हणून पुतण्याने तिथेच फॅक्टरी रिसेट मारला, म्हणजे फोन पूर्ण कोरा केला. दोन दिवसांनी काकांना वजनाच्या पावत्यांचे फोटो हवे होते. व्यापाऱ्याने माल उचलला होता, निम्मे पैसे दिले होते, उरलेल्याचा हिशेब त्या चौदा पावत्यांवर होता. सगळं वॉट्सॲपवर.

"बॅकअप होता का, म्हणजे दुसरीकडे ठेवलेली प्रत?" मी विचारलं. "होता की, चालूच होता," पुतण्या म्हणाला. उघडून पाहिलं तर शेवटचा बॅकअप अकरा महिन्यांपूर्वीचा.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. अँड्रॉइडवर वॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो. पूर्वी तो तुमच्या जागेत मोजला जात नव्हता. २०२४ पासून तो फुकटच्या १५ जीबीमध्येच धरला जातो, आणि त्याच १५ जीबीत तुमचे मेल आणि फोटोही असतात. जागा भरली की बॅकअप थांबतो. फोन तसं सांगतो, पण इतर पन्नास सूचनांबरोबर आपण तीही सरकवून टाकतो. काकांचे गॅलरीतले फोटोही त्याच कारणाने गूगलच्या खात्यात चढायचे थांबले होते. आणि रिसेट केलेल्या फोनमधून काही परत मिळेल ही आशा सोडा. आताच्या फोनमध्ये सगळा डेटा कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो आणि रिसेट म्हणजे त्या कुलपाची किल्लीच नष्ट करणं. तो फोन परत आणला असता तरी मी काही करू शकलो नसतो.

शेवटी टेम्पोवाल्याच्या आणि तोडणीच्या टोळीच्या मुकादमाच्या फोनमध्ये मिळून नऊ पावत्या सापडल्या. उरलेल्या पाचांचा आकडा व्यापाऱ्याने सांगितला तो काकांना मान्य करावा लागला. २,८०० रुपयांसाठी.

म्हणून माझ्याकडे फोन घेणाऱ्याला मी जुना फोन त्या दिवशी देऊच देत नाही. सिम नव्यात घाला, जुना बंद करून कपाटात ठेवा, आठ दिवस फक्त नव्यावर काढा. या आठ दिवसांत वीजबिल भरायचं येतं, गॅस नोंदवायचा येतो, पोरांच्या शाळेचं काहीतरी निघतं, आणि काय राहिलंय ते आपोआप कळतं. एक्स्चेंजची किंमत थोडी जास्त मिळते हे खरं. तरी मी म्हणेन, दारात उभ्या माणसाच्या घाईने आपला फोन रिकामा करू नका. एक्स्चेंजच करायचं असेल तर सगळं आठ दिवस आधी दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि उघडून बघा. उतरवलं म्हणजे उतरलं असं धरू नका.

याच्याच पोटातली एक चूक: नव्या फोनवर वॉट्सॲप सुरू करताना ‘बॅकअप परत आणायचा का’ असं विचारलं जातं आणि गडबडीत लोक ‘स्किप’ दाबतात. मग रात्री दोनच्या सुमारास रिकाम्या वॉट्सॲपचा नवा बॅकअप होतो आणि जुन्याच्या जागी जाऊन बसतो. असं झालं असेल तर त्याच दिवशी, झोपण्याआधी, ॲप काढून पुन्हा टाका आणि या वेळी हो म्हणा. त्यासाठी नंबर तोच आणि गूगलचं खातंही तेच लागतं.

आता खात्याचं, आणि इथे माझ्या धंद्यातल्या भावांवर माझा राग आहे. गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नाही, दुकानात गर्दी आहे, म्हणून दुकानदार नवीन जीमेल काढून देतो. पाच मिनिटांत गिऱ्हाईक बाहेर. पुढच्या फोनला आणखी एक जीमेल. एका शिक्षिकाबाईंची अशी चार खाती निघाली. नंबर एकात, नातीचे फोटो दुसऱ्यात, बॅकअप तिसऱ्यात, आणि एकाचाही पासवर्ड त्यांना माहीत नाही, कारण तो त्यांनी ठेवलेलाच नव्हता. दोन खाती उघडली, दोन अजून बंद आहेत. मी जुनं खातं सापडेपर्यंत नवा फोन सुरूच करत नाही. अर्धा तास लागला तर लागला. खातं आणि पासवर्ड कागदावर लिहून घरच्या डबीत ठेवायला सांगतो. मोबाइलचा पासवर्ड मोबाइलमध्येच लिहून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही.

खातं विसरण्याचा दुसरा फटका जुना फोन विकत घेणाऱ्याला बसतो. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आणि आयफोनमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की सेटिंगमध्ये न जाता, बाहेरूनच फोन रिसेट केला तरी सुरू होताना तो आधीच्या मालकाचं खातं मागतो. चोरीविरुद्ध ही उत्तम गोष्ट आहे. ‘कुलूप तोडून द्या’ म्हणून येणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. मालकाला समोर बसवून खातं काढून घ्या, मगच पैसे द्या. घेण्याआधी *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि केवायएम (KYM), मोकळी जागा, मग तो १५ अंकी नंबर असा एसेमेस १४४२२ वर पाठवा. ‘ब्लॅकलिस्टेड’ आलं तर फोन खाली ठेवा आणि निघा.

सिम आणि फोन एकाच दिवशी बदलू नका. सिम बदललं, म्हणजे तोच नंबर नव्या सिमवर घेतला, की २४ तास एसेमेस बंद राहतात. ओटीपी नाही, यूपीआयही सुरू होत नाही. नुसता फोन बदलला तरी पहिल्या २४ तासांत यूपीआयने ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. लग्नाच्या खरेदीच्या आदल्या दिवशी नवा फोन घेऊ नका.

वॉट्सॲप बॅकअपला स्वतःचा पासवर्ड लावला असेल तर तो विसरू नका, कंपनीसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही.

‘जागा भरली’ म्हणून गूगल फोटोजमधून फोटो उडवू नका. ते फोनमधून आणि गूगलच्या खात्यातून, दोन्हीकडून जातात. उडवले असतील तर ६० दिवसांच्या आत ट्रॅशमध्ये शोधा.

सॅमसंगमधला सिक्युअर फोल्डर, म्हणजे खासगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा, रिसेट केला की पुसला जातो, त्यातलं आधी बाहेर काढा.

आठ दिवस नीट गेले की जुना फोन माझ्याकडे आणतात. आधी खातं काढतो, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करतो, मग सेटिंगमधूनच रिसेट करतो आणि सुरू करून बघतो की जुनं खातं मागत नाही ना. जुन्या बिलाच्या मागे आयएमईआय, तारीख, घेणाऱ्याचं नाव लिहितो, त्याची सही घेतो आणि ते बिल विकणाऱ्याच्या हातात देतो.