छोट्या जॅझ संचाचं रेकॉर्डिंग करताय? या चुका टाळा

पियानो, डबल बास, ड्रम्स. तिघांना तीन खोल्यांत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, त्यात ठेका मोजणारी क्लिक सोडली, की रेकॉर्डिंग स्वच्छ होतं आणि ट्रायो संपतो. आपल्याकडचे बरेच स्टुडिओ सिनेमा-जाहिरातींच्या कामावर पोसलेले. तिथे प्रत्येक वाद्य सुटं लागतं, ते ठीकच. पण ड्रमरच्या ब्रशकडे (काठीऐवजी वापरायचा तारांचा झुपका) बघत बासवादक सूर किंचित मागे धरतो, ते मोकळ्या कानांनी. काचेपलीकडून ते जमत नाही.

ब्लीडची धास्ती

ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या कितीतरी रेकॉर्ड्स न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात केल्या, 1959 पर्यंत. (पोटापाण्याचा धंदा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढण्याचा.) सगळे एका खोलीत म्हटल्यावर एकाच्या माइकमध्ये दुसरा शिरणारच, यालाच ब्लीड म्हणतात. शिरू द्या, फक्त तो ऐकवत असला पाहिजे. त्यासाठी पियानोचे माइक तेवढे चालू ठेवा आणि त्यात ड्रम्स कसे येतायत ते ऐका. सिंबल पत्र्यासारखी वाटली तर इक्वलायझरला हात लावण्याआधी उठा आणि ड्रम्स फूटभर सरकवा. पियानो असा फिरवा, की उघड्या झाकणाची पाठ ड्रम्सकडे होईल. फिगर-एट माइक असेल तर उत्तमच: तो पुढून-मागून ऐकतो, दोन्ही कुशींनी जवळजवळ बहिरा असतो. ती कूस ड्रम्सकडे करा.

हेडफोनशिवाय पियानोवाल्याला बास ऐकू येत नसेल, तर दोघं लांब बसलेत किंवा ड्रमर जोरात वाजवतोय. आधी जवळ बसवा, मग ड्रमरशी बोला. त्याच्या आवाजावर उतारा म्हणून बाकीच्यांना हेडफोन वाटणं म्हणजे गळक्या नळाखाली बादल्या वाढवणं.

बास पातळ का वाटतो?

बासला पिकअपही (वाद्याला चिकटून कंपन थेट टिपणारा) लावला आणि घोडीसमोर माइकही. दोन्ही सुटे ऐकले की छान, एकत्र केले की बासचं अंगच गेलं. कारण साधं आहे. पिकअपला कंपन लगेच मिळतं, माइकपर्यंत आवाज हवेतून जातो. माइक 34 सेंटीमीटरवर असेल तर सुमारे 1 मिलिसेकंदाचा उशीर, आणि तेवढ्यात 500 हर्ट्झच्या आसपासचं बरंच काही एकमेकांना खाऊन टाकतं. पिकअपची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून बघा, जिथे जाड वाटेल तिथे ठेवा. मग पिकअपचा ट्रॅक हळूहळू उशिराकडे सरकवा. माझा स्वतःचा कल विचाराल तर माइकच मुख्य ठेवावा, पिकअप भाजीतल्या हिंगाएवढा.

एकदा बासच्या सोलोत एक विशिष्ट सूर आला, की कुठूनसं बारीक ‘झर्र’ यायचं. तासभर मी केबल बदलत बसलो, प्रीअँपवर (माइकचा आवाज वाढवणारी पेटी) संशय घेतला. शेवटी ड्रमर उठला, स्नेअर ड्रमच्या बाजूची खिट्टी पाडली आणि आवाज बंद. बासच्या त्या सुरावर स्नेअरच्या तळाच्या तारा आपोआप थरथरत होत्या. नंतर ड्रम जरा वरच्या सुरात लावला आणि प्रश्न मिटला. असली खरखर मिक्समध्ये काढायला गेलात तर ब्रशचा पोतही सोबत जातो.

पियानो आणि पावसाळा

आदल्या आठवड्यात ट्यून केलाय, हे उत्तर मुंबईत जुलैमध्ये चालत नाही. दमट हवेत पियानोतला साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची लाकडी फळी, फुगतो, तारा ताणल्या जातात, सूर वर चढतो. ट्यूनर सेशनच्या दिवशीच बोलवा, आणि रेकॉर्डिंगला एसी जसा चालणार तसाच तो ट्यूनिंगआधी काही तास चालू ठेवा. टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) वेळी आवाजामुळे बंद करावा लागत असेल तर टेक संपला की लगेच लावा. छताचा पंखा मात्र बंदच. त्याची घरघर तर येतेच, शिवाय लांबवलेला सूर त्याच्या पात्यांमुळे हलतो.

टेक

विसाव्या टेकमध्ये चुका नसतात आणि बाकीही फारसं काही नसतं. तीन-चार टेक घ्या, चहा प्या. पुरा टेक निवडा, तुकडे जोडत बसू नका. 25 जून 1961 रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रायोचं रेकॉर्डिंग चालू असताना सुरुवातीलाच वीज गेली आणि टेपमध्ये खड्डा पडला. तो टेक 2005 च्या संचात तसाच छापलाय. ग्लासांची किणकिणही आहे. (तुम्ही मात्र यूपीएस लावा.)

मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या हाताला, आवाज ठासून -8 एलयूएफएसपर्यंत (हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) नेण्यात काही हशील नाही. स्पॉटिफाय तो साधारण -14 ला खाली आणतं. मग मोठेपणा राहत नाही, नुसता चपटेपणा राहतो.

आणि सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली तो आकडा. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना 1959 पासून किंचित चढ्या सुरात विकल्या गेल्या, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य टेपमशीन जरा हळू फिरत होतं. दुरुस्ती झाली 1992 मध्ये. आज मशीन फिरत नाही, पण 48 किलोहर्ट्झची फाइल कुणी 44.1 समजून वाजवली तर सूर जवळजवळ दीड सेमिटोन खाली येतो (पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन). फाइल मिक्सला पाठवण्यापूर्वी त्यातला पियानोचा मधल्या सप्तकातला एखादा लांब ‘ए’ फोनवरच्या ट्यूनरला ऐकवा. 440 हर्ट्झच्या आसपास आला तरच पाठवा.